माडीची फळी गोव्याच्या बोटीत

आज माइक माझ्या हातात दिलाय, म्हणून आधीच सांगून टाकतो की मला बोलण्यापेक्षा रंधा मारणं बरं जमतं. मध्येच वऱ्हाडीत घसरलो तर सांभाळून घ्या.

मी अकोटचा. अकोला जिल्ह्यातलं अकोट, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्याकडून समुद्र चारशे किलोमीटरच्या वर दूर. लहानपणी पाण्यात चालणारी गोष्ट म्हणून मी पाहिली ती फक्त बैलगाडी, पुरातून निघणारी. अन् आज तुमच्याशी बोलतोय ते एका शिडाच्या बोटीच्या फरशीबद्दल. आमच्या घराच्या माडीच्या फळ्या त्या बोटीत गेल्या, मीच नेल्या, आणि त्यातली एक मला माझ्याच हातानं फोडावी लागली. ती गोष्ट सांगतो.

आमचं घर म्हणजे वाडा नाही. वाडा फार मोठा शब्द झाला. चार खणांचं घर आणि वर माडी. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. लाकूड मेळघाटचं, बैलगाडीनं आणलेलं, असं आबाजी सांगतात. आबाजी म्हणजे माझे आजोबा. सुतार. वखर, डवरा, तिफण आणि मुख्य म्हणजे बैलगाडीची चाकं, हे त्यांचं काम. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि ते काम गेलं. मी आयटीआय केलं, फर्निचरच्या कामावर गोव्याला गेलो आणि तिथून एका बोटयार्डात शिरलो.

तीन वर्षांपूर्वी घराच्या वाटण्या झाल्या. चुलत्यांच्या वाट्याला आलेली अर्धी बाजू त्यांनी पाडली, तिथं आता स्लॅब आहे. मी त्यांना दोष देत नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात कोणी राहायचं? पण माडीच्या फळ्या अंगणात रचून ठेवल्या होत्या आणि एक भंगारवाला त्या जळाऊ लाकडासारख्या मागत होता. मी म्हटलं थांबा. नव्वद वर्षांचा साग आहे. मी नेतो.

आता बोटीकडे येऊ.

गोव्यात मांडवीच्या काठी एक काका आहेत. मूळचे नागपूरचे, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले. त्यांची बत्तीस फुटी शिडाची बोट आहे, १९८०च्या दशकातली, फायबरची. तुम्हाला वाटेल फायबरच्या बोटीत लाकूड कुठून आलं? बाहेरचं कवच फायबरचं, पण आत गेलात की छोटं घरच असतं. ओटा, झोपायच्या जागा, कपाटं आणि पायाखाली लाकडी फरशी. बोटीवाले तिला 'सोल' म्हणतात. बुटाचा सोल, तसाच. त्या फरशीखाली एक पोकळी असते, तिला बिल्ज म्हणतात. बोटीत जे जे पाणी शिरतं ते शेवटी तिथं जमतं. पंप तिथं, पाइप तिथं, या बोटीत तर बॅटऱ्याही तिथंच. म्हणून ही फरशी घरातल्या टाइलसारखी कायमची चिकटवून चालत नाही. तिचे तुकडे करून झाकणांसारखे बसवतात. कधीही, मध्यरात्रीसुद्धा, एका हातानं उचलता आलं पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नव्हतं ठेवलं.

काकांच्या बोटीची मूळ फरशी प्लायवूडची होती, वर सागाचा पातळ पापुद्रा आणि त्यात फिक्या लाकडाच्या बारीक पट्ट्या. दिसायला सुंदर. पण तो पापुद्रा एक मिलिमीटरसुद्धा नसतो. आधीच्या कोणीतरी दोनदा पॉलिशपेपर मारला होता, तिसऱ्यांदा मारला असता तर खालचं प्लाय उघडं पडलं असतं. शिडीच्या पायथ्याशी आणि डोलकाठीच्या भोवती फळी काळी पडली होती. मी पेचकसाच्या टोकानं टोचून पाहिलं, टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. लाकडी हातोडीनं ठोकलं तर चांगल्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी बद्द. ही तपासणी तुम्ही तुमच्या घराच्या दाराच्या चौकटीवर पण करू शकता. फुकट आहे.

इथं एक गोष्ट काकांनी शिकवली. मी म्हटलं, समुद्राच्या पाण्यानं कुजली असेल. ते म्हणाले, "नाही रे. खारं पाणी लाकडाला त्या मानानं बरं, मिठात बुरशी तेवढी वाढत नाही. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी." आणि पाणी येत होतं वरूनच. या बोटीची डोलकाठी छतातून आरपार खाली जाते आणि तिच्या अंगावरून पावसाचं पाणी घरंगळत थेट फरशीखाली. म्हणजे फरशी चालून चालून झिजली होती ती वरून, पण मेली होती खालून. प्लायच्या कापलेल्या कडा कोणी बंदच केल्या नव्हत्या. कडेतून पाणी आत शिरलं की ते वाळत नाही, वरून वार्निश असतं ना झाकायला.

काकांनी विचारलं, दुरुस्त करायची की नवी? मी छाती फुगवून सांगितलं, "काका, माझ्याकडं मेळघाटचा नव्वद वर्षांचा साग आहे. अख्ख्या फळ्या बसवू. आता हे लाकूड हलायचं नाही, जेवढं सुकायचं तेवढं सुकलं." 

मंडळी, त्या वाक्यातली पहिली अर्धी गोष्ट खरी होती.

साग बोटीला का आवडतो हे थोडं सांगतो, कारण तिथंच माझी अक्कल घसरली. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी आणि बुरशी लवकर लागत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी मलबारच्या सागाची जहाजं इंग्रजांच्या नौदलासाठी बांधायची. त्यातलं एक, 'ट्रिंकोमाली', १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं झाली. काकांनी फोटो दाखवला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. साग म्हणजे अमर, असं काहीतरी. जवळच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली, जिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगाला चक्कर मारून आले. अशा गावात अकोटचा पोरगा साग घेऊन आलाय म्हटल्यावर मी चालायचोच जरा ताठ.

तर मे महिन्यात फळ्या आणल्या. एक सूचना: सागाचं लाकूड गाडीत टाकून असंच निघू नका. वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. घरातलं जुनं असलं तरी आधी त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा. माझे आठ दिवस त्यात गेले, पण नाक्यावर गाडी अडकली नाही.

बोटीत काटकोन नसतो. गुण्या पेटीतच राहू द्यायचा. दोन्ही बाजूंनी कवच गोलाकार आत येतं, म्हणून आधी फर्मा बनवतात. पातळ प्लायच्या पट्ट्या त्या जागेत ठेवायच्या, प्रत्येकीचं टोक कवचाला टेकवायचं, गरम गोंदानं एकमेकींना चिकटवायच्या आणि तो सांगाडा तसाच उचलून फळीवर ठेवून रेघ मारायची. हे काम मला फार आवडलं. आणि मी ते इतकं अचूक केलं, इतकं अचूक, की फळी आणि फळीमध्ये कागद जाणार नाही. बिल्जचं झाकण दाबून बसवलं की 'टप' आवाज यायचा. व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, परफेक्ट फिनिश.

आबाजींनी तो व्हिडिओ पाहिला. फोन आला. "बाप्पू, फट कुठं ठेवली?"

मी म्हटलं, "आबाजी, फट नाही ठेवली, तेच तर कौशल्य आहे."

ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

जून लागला. जुलैत एका रात्री असा पाऊस झाला की किनारा दिसेना. मी यार्डातच झोपायचो. दोनच्या सुमारास काकांचा फोन, ते बोटीवरच होते: पंप चालत नाहीये, खाली पाण्याचा आवाज येतोय, लवकर ये. होडीतून बोटीवर गेलो. फरशीखाली पाणी डुचमळत होतं. काठीवरून पाऊस आत येत होता, शाफ्टच्या जागेतून थेंब थेंब पाणी येतं ते नेहमीचंच. एरवी पंप ते फेकून देतो. तर झाकण उचलून पंप पाहायचा, एवढंच काम. मी कडीत बोट घातलं आणि ओढलं.

झाकण हललं नाही.

दोघांनी ओढलं. कडी वाकली. झाकण असं बसलं होतं जणू खालून कोणी धरून ठेवलंय. शेजारची फळी मधोमध फुगून वर आली होती. टॉर्चच्या उजेडात मी पाहिलं, फळ्यांमधली रेघसुद्धा दिसत नव्हती. पाणी बॅटऱ्यांपर्यंत पोचलं असतं तर दिवे गेले असते, पंप सुरू व्हायची आशा गेली असती आणि काळ्या रात्री बादलीनं पाणी उपसत बसलो असतो. काका शांत आवाजात म्हणाले, "फोड."

मी पटाशी आणि हातोडी घेतली. आबाजींच्या माडीची फळी. त्या फळीवर मी रांगलो असेन. तिसऱ्या घावाला ती चिरली. एवढा चांगला साग की चिरताना त्याचा वास आला, ताज्या लाकडाचा येतो तसा, नव्वद वर्षांनंतर.

आत हात घातला. पंपाच्या तोंडाशी काय अडकलं होतं माहितीये? भुसा. माझ्याच रंध्याचा भुसा, भिजून लगदा झालेला. मी वरून व्हॅक्यूम मारला होता, कोपऱ्यात हात घालून साफ केलं नव्हतं. लगदा काढला, पंप धडधडायला लागला, वीस मिनिटांत पाणी उतरलं. काकांनी चहा केला. ते एक शब्द बोलले नाहीत आणि ते जास्त लागलं.

आता, झालं काय? हे नीट समजून घ्या, कारण घरी लाकडी काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी. जुनं लाकूड पिळवटत कमी असेल, चिरत कमी असेल, पण फुगायचं आणि आकसायचं ते चालूच राहतं. अकोल्या-अमरावतीकडं मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, हवा खडखडीत कोरडी. तेव्हा लाकडात ओलावा उरतो वजनाच्या जेमतेम ६-७ टक्के. तेच लाकूड गोव्याच्या पावसाळ्यात, ओल्या बोटीत ठेवलं की हळूहळू १७-१८ टक्क्यांवर जातं. लांबीत फरक जवळजवळ शून्य. रुंदीत मात्र सहा इंची फळी अडीच-तीन मिलिमीटर वाढते, आणि तीही साग असून! साग तर कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतो. सहा फळ्या शेजारी शेजारी लावा, झाला दीड सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना फायबरची भिंत. जाणार कुठं?

वरून मी वार्निशचे चार हात दिले होते. खालून? एकही नाही. खाली कोण बघतंय. म्हणून खालची बाजू ओलावा पीत राहिली, वरची नाही, आणि फळी वाकली.

सकाळी आबाजींना फोन केला. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. विचारलं, "गाडीचं चाक उन्हाळ्यात खडखड कराले लागलं त कास्तकार काय करे?"

मला माहीत होतं. आमच्याकडं सगळ्यांना माहीत असायचं. उन्हानं लाकूड आकसलं की आरे सैल व्हायचे, लोखंडी धाव निसटायला यायची. मग गाडी नदीत नेऊन उभी करायची, रात्रभर चाकं पाण्यात. सकाळी चाक घट्ट.

"मंग?" आबाजी म्हणाले. "तुले चाकाचं समजते, फळीचं काहून नाई समजलं? आपल्या माडीत वैशाखात रुपाया उभा राहे फटीत. तू लहान होता तवा पैसे टाके खाली त्याच्यातून. आठवते का?"

आठवत होतं. माडीवरून खाली ओसरीवर नाणी पाडायचा खेळ. पावसाळ्यात तो खेळ बंद पडायचा, नाणं जातच नसे. मला वाटायचं आईनं काहीतरी भरलं फटीत.

पावसाळा संपल्यावर सगळं काम परत केलं. मजुरी घेतली नाही, घ्यायचा प्रश्नच नव्हता. या वेळी जे केलं ते सविस्तर सांगतो, कोणाला उपयोग होईल.

आधी पाणी थांबवलं. डोलकाठी छतातून जिथं जाते तिथला रबरी पट्टा नवा केला. हे आधी केल्याशिवाय लाकडाला हात लावू नका, घरातही. गळतं छत तसंच ठेवून फरशी बदलणं म्हणजे पैसे भिजत घालणं. मग बिल्ज कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हातानं पुसली. दोनदा.

पाया १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा केला. प्लाय घेताना शीटवर आयएस ७१० हा शिक्का बघा. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणतो ते पुरेसं नाही. या प्रतीच्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी असते. पण थर सुटत नाहीत म्हणजे पाणी शिरत नाही असं नव्हे. म्हणून वर, खाली आणि विशेषतः कडांना इपॉक्सीचे तीन हात. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडलं, इपॉक्सीनं भरलं, सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडलं. म्हणजे स्क्रूच्या वाटेनंही पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. वेळखाऊ आहे, कंटाळा येतो, करा.

माडीच्या फळ्या मी उभ्या चिरल्या. पाच सेंटीमीटर रुंद, चार मिलिमीटर जाड पट्ट्या, अशा कापल्या की वर्षवलयांच्या रेघा पट्टीत उभ्या येतील. अशी पट्टी आडव्या कापाच्या फळीपेक्षा साधारण निम्मीच फुगते. शिवाय एवढी पातळ पट्टी इपॉक्सीनं प्लायला पक्की धरलेली असली की तिची ओढ प्लाय सोसतं. चिकटवायच्या आधी साग ॲसिटोननं पुसायचा आणि लगेच चिकटवायचा. सागाचं जे तेल आपल्याला आवडतं तेच गोंदाला आवडत नाही. आणि मास्क लावा, सागाची आणि इपॉक्सीची धूळ दोन्ही छातीला वाईट.

मधल्या फिक्या पट्ट्यांसाठी परदेशात हॉली नावाचं पांढरं लाकूड वापरतात. ते मागवायचं तर फरशीपेक्षा कुरिअर महाग. मी परतवाड्याच्या बाजारातून हळदू आणलं. पिवळसर, बारीक रेषेचं, गुळगुळीत. परतवाडा म्हणजे आपला लाकडाचा बाजार, मेळघाटच्या तोंडाशी. तिथल्या वखारीत तासभर हिंडलं तरी मन भरत नाही. सागाशेजारी हळदू असं दिसतं की काकांनी आधीच्या फरशीचं नाव काढलं नाही.

आणि प्रत्येक झाकणाभोवती फट. मोजून तीन मिलिमीटर. झाकण उचलायला दोन कड्या, आणि बोट फार कलली तर झाकण उडू नये म्हणून फिरवायचं बटण, हातानं फिरेल असं. वरून मॅट पॉलिश, कारण चकचकीत फरशीवर ओला पाय घसरतो. खालून तेवढेच हात.

पुढच्या जुलैत मी स्वतः जाऊन पाहिलं. भर पावसात. एका बोटानं झाकण उचललं. मग बाजूची फट मोजली, तीनची दोन झाली होती.

फोडलेल्या फळीचं काय केलं, हे मला नेहमी विचारतात. अर्धा तुकडा चांगला होता. त्याचा पाट केला, आबाजींना जेवायला बसायला. गेल्या दिवाळीला घेऊन गेलो. आमची अर्धी माडी अजून उभी आहे. बाबा म्हणत होते फटी पुट्टीनं भरून टाक, खाली धूळ पडते. मी म्हटलं पावसाळा येऊ द्या, आपोआप भरतील. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आबाजीच बोलले.

आबाजींनी पाट हातात घेतला. पॉलिशवर हात फिरवला, कडा पाहिली, चिरलेली बाजू मी कशी जुळवली ते पाहिलं. मान हलवली. मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी पाट उलटा केला आणि चष्मा वर सरकवला.

"खालून काहून नाई मारलं बे पॉलिश?"

(हसतो.) तर असं आहे. माझा वेळ संपला. पाट सध्या माझ्याकडे आहे, दुसरा हात वाळतोय.